प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर, उत्तर विकीवर : अभियांत्रिकीच्या शंकानिरसनासाठी मीडियाविकीचे परीक्षण

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स (भाराखाली पदार्थ कसे वागतात याचा विषय) शिकवणाऱ्या शिक्षकाला दर वर्षी ठरलेल्या शंकांना उत्तरे द्यावी लागतात. शिअर फोर्सचे चिन्ह कोणते घ्यायचे, मोहर्स सर्कलवर कोन दुप्पट का होतो, बेंडिंग मोमेंट (बीमला वाकवणारा परिणाम) जिथे शून्य होऊन चिन्ह बदलतो त्या बिंदूला वेगळे नाव कशासाठी, हे प्रश्न बॅच बदलली तरी बदलत नाहीत. उत्तरे मात्र दर वर्षी नव्याने दिली जातात, कारण ती वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात, फळ्यावर किंवा स्टाफरूमच्या दारात उभ्या उभ्या दिलेली असतात आणि सेमिस्टर संपले की त्यांचा मागमूस राहत नाही. हा व्याप कमी करण्यासाठी मी माझ्या विषयापुरता मीडियाविकी वापरतो. ही प्रणाली या कामाला कितपत उपयोगी पडते, याचे हे परीक्षण आहे. निष्कर्ष आधीच सांगायचा तर उत्तर घडवण्यासाठी आणि जपण्यासाठी तिच्याइतके चांगले साधन मला मिळालेले नाही, परंतु प्रश्न विचारण्याचे ठिकाण म्हणून ती जवळपास निरुपयोगी आहे.

मीडियाविकी म्हणजे विकिपीडिया ज्यावर चालतो तीच प्रणाली. ती मुक्त आणि मोफत आहे. कोणालाही दुरुस्त करता येईल असे पान ही कल्पना वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये प्रत्यक्षात आणली आणि २००२ पासून विकिपीडियाची गरज म्हणून ही प्रणाली घडत गेली. मराठी विकिपीडिया २००३ पासून याच साच्यात असल्यामुळे ‘संपादन’, ‘इतिहास’ आणि ‘चर्चा’ ही बटणे मुलांनी निदान पाहिलेली असतात. अभियांत्रिकी शिक्षणात विकी वापरण्याचा प्रयोगही नवा नाही. मिशिगन विद्यापीठात केमिकल प्रोसेस कंट्रोलचे अख्खे पाठ्यपुस्तक विद्यार्थ्यांनी विकीवर लिहिले. पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक मिमी बुटिन यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘रिया’ या विकीवर सिग्नल्स अँड सिस्टिम्ससारख्या विषयांतले सरावाचे प्रश्न मांडले जातात, विद्यार्थी त्याच पानावर आपापली उत्तरे लिहितात आणि शिक्षक त्याखाली शेरे देतात. माझी मांडणी बरीचशी त्या दुसऱ्या पद्धतीची आहे.

एक पान जवळून पाहिले म्हणजे ही प्रणाली नेमके काय करते हे कळेल. दोन्ही टोकांना साधा आधार असलेला सहा मीटरचा बीम आहे आणि त्यावर दर मीटरला दहा किलोन्यूटन असा यूडीएल (सगळीकडे सारखा पसरलेला भार) आहे, म्हणजे एकूण भार साठ किलोन्यूटन. हाच साठ किलोन्यूटनचा भार पॉइंट लोड, म्हणजे एकाच बिंदूवरचा भार, म्हणून बरोबर मध्यभागी ठेवला, तर कमाल बेंडिंग मोमेंट दुप्पट होतो. ‘भार तेवढाच, आधारही तेच, रिअ‍ॅक्शनही दोन्ही वेळी तीस-तीसच येतात, मग मोमेंट दुप्पट कसा?’ हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारतेच, आणि विचारणारा बहुधा वर्गातला लक्ष देणारा मुलगा असतो. सूत्र पाठ करणाऱ्याला ही शंका येत नाही.

या प्रश्नाच्या पानावर पहिले उत्तर आले ते दोन सूत्रांचे. यूडीएलसाठी डब्ल्यू एल वर्ग भागिले आठ (डब्ल्यू म्हणजे दर मीटरचा भार, एल म्हणजे बीमची लांबी), म्हणजे पंचेचाळीस किलोन्यूटन-मीटर. मध्यावरच्या पॉइंट लोडसाठी डब्ल्यू एल भागिले चार (येथे डब्ल्यू म्हणजे एकूण भार), म्हणजे नव्वद. हे उत्तर बरोबर आहे, पण त्याने शंका फिटत नाही, कारण सूत्रे वेगळी आहेत एवढेच त्यातून कळते. काही दिवसांनी दुसऱ्या विद्यार्थिनीने त्याखाली बीम मध्यभागी कापून डावा अर्धा भाग मांडला. आधाराकडून येणारे तीस किलोन्यूटन तीन मीटरवरून नव्वदचा मोमेंट देतात, हे दोन्ही प्रकारांत सारखेच आहे. पण यूडीएलमध्ये त्याच अर्ध्या भागावर खाली दाबणारे तीस किलोन्यूटनही आहेत, त्यांची परिणामी क्रिया मध्यापासून दीड मीटरवर धरली की पंचेचाळीसचा उलटा मोमेंट मिळतो आणि नव्वदातून तो वजा होतो. पॉइंट लोड छेदावरच असल्यामुळे त्याला अंतरच नाही, म्हणून तो काहीच वजा करत नाही. उत्तर येथे खऱ्या अर्थाने पूर्ण झाले. यानंतर तिसऱ्या कोणीतरी वरची दोन सूत्रे खाली ढकलून हे विवेचन वर आणले, आणि चौथ्याने दोन्ही आकृत्या एकाखाली एक रेखाटून जोडल्या.

व्हॉट्सअ‍ॅप गटात हेच झाले असते तर सूत्रांचे उत्तर आल्यावर तीन-चार जणांनी अंगठा दाखवला असता आणि विषय तिथेच संपला असता. कारण तिथे आलेले उत्तर दुसऱ्या कोणाला बदलता येत नाही, त्याच्याखाली फक्त दुसरे उत्तर टाकता येते, आणि दुसरे उत्तर टाकणे म्हणजे पहिल्याला चारचौघांत खोटे ठरवणे असा त्याचा अर्थ होतो. विकीवर उत्तर कोणा एकाचे नसते, ते पानाचे असते, आणि म्हणून त्यात हात घालायला संकोच कमी वाटतो. अर्थात अजिबात संकोच वाटत नाही असे नाही. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

या प्रणालीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी सोय म्हणजे ‘इतिहास’. पानाच्या कोणत्याही दोन आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून नेमका कोणता शब्द किंवा कोणता अंक बदलला, हे रंगाने दाखवले जाते. कॅंटिलीव्हरच्या, म्हणजे एकाच टोकाला जखडलेल्या बीमच्या, एका पानावर कोणीतरी सवयीने यूडीएलचा कमाल मोमेंट डब्ल्यू एल वर्ग भागिले आठ असा लिहिला होता, आणि दुसऱ्याने आठ खोडून दोन केला. इतिहासात पाहिले तर बदल एका अंकाचा दिसतो, पण वरच्याच सहा मीटरच्या उदाहरणात त्या एका अंकाने उत्तर पंचेचाळीसवरून एकशे ऐंशीवर जाते. हा बदल मी वर्गात पडद्यावर तसाच दाखवतो. कोणते सूत्र बरोबर हे पुस्तकातही असते. चूक कोणत्या जागी होते आणि ती किती महागात पडते, हे मात्र पुस्तकात सापडत नाही, कारण पुस्तक छापण्याआधी ती काढून टाकलेली असते.

दुसरी सोय तितकी झगमगीत नसली तरी आमच्या विषयात तिचे महत्त्व मोठे आहे, ती म्हणजे साचे. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समधल्या निम्म्या भांडणांचे मूळ चिन्हसंकेतात असते. एका पुस्तकात छेदाच्या डाव्या बाजूचे वर जाणारे बल धन असते, दुसऱ्यात उलट; मोहर्स सर्कलमध्ये तर घड्याळाच्या दिशेने फिरवणारा शिअर स्ट्रेस काही लेखक अक्षाच्या वर काढतात आणि काही खाली. दोन्ही पद्धतींनी अंतिम उत्तर बरोबरच येते, पण अर्धे उदाहरण एका पुस्तकातून आणि अर्धे दुसऱ्यातून उतरवणाऱ्या विद्यार्थ्याचे येत नाही. मीडियाविकीत ‘या अभ्यासक्रमात पाळायचा चिन्हसंकेत’ असा एक चौकोन साचा म्हणून एकदाच लिहून ठेवता येतो आणि हव्या त्या प्रत्येक पानावर तो एका ओळीत बोलावता येतो. साच्यात एक वाक्य सुधारले की सर्व पानांवर ते सुधारते. ही सोय मूडल या महाविद्यालयीन अभ्यासक्रम-प्रणालीच्या विकीत नाही, गूगल डॉक्समध्ये नाही, आणि एखाद्या विषयाची पाने पन्नासच्या पुढे गेली की तिच्यावाचून चालत नाही.

आता शिक्षकाच्या भूमिकेविषयी, कारण विकीचे यश प्रणालीपेक्षा तिच्यावर जास्त अवलंबून असते. प्रश्न आला की लगेच स्वतः उत्तर लिहून टाकण्याचा मोह आवरावा लागतो. सरांनी लिहिलेल्या वाक्याला विद्यार्थी हात लावत नाहीत. त्यात उघड चूक असली तरी ते चर्चापानावर ‘सर, इथे बहुतेक...’ एवढेच लिहितात. म्हणून शिक्षकाने उत्तरात न लिहिता उत्तराखाली शेरा द्यावा, आणि शेरा शक्यतो प्रश्नार्थक असावा. ‘मध्यभागी कापून पाहिले का?’ एवढ्या शेऱ्याने वरचे पान पुढे सरकले होते. चुकीचे उत्तर किती काळ तसेच राहू द्यायचे, हा मात्र अवघड प्रश्न आहे. एरवी आठवडाभर थांबायला हरकत नसते, पण इन्सेम (सत्रामधली परीक्षा) दोन दिवसांवर आली असेल तर थांबणे हे मुलांवर अन्यायकारक ठरते आणि तेव्हा सरळ दुरुस्ती करावी, असे माझे मत आहे. अशा पानाच्या माथ्यावर ‘हे उत्तर शिक्षकाने तपासलेले नाही’ असा साचा लावून ठेवणे हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. तपासून झाल्यावर तो काढायचा.

प्रश्न विचारण्याच्या बाबतीत मात्र मीडियाविकी सपशेल कमी पडते. रात्री साडेअकराला उदाहरण अडलेल्या मुलाने संगणकावर किंवा फोनवर प्रवेश करायचा, योग्य पान शोधायचे, ते नसेल तर नवे पान तयार करायचे, त्याला नाव द्यायचे आणि मग प्रश्न लिहायचा, ही अपेक्षाच अवास्तव आहे. तो वहीच्या पानाचा फोटो काढून ‘ह्यात रिअ‍ॅक्शन कशी आली?’ असे गटात टाकतो आणि ते स्वाभाविक आहे. चर्चापानांवर ‘उत्तर द्या’ असे बटण देणारा डिस्कशनटूल्स नावाचा विस्तार (मूळ प्रणालीला जोडायचा प्रोग्राम) आहे आणि तो चालू केलाच पाहिजे, कारण त्याशिवाय चर्चा म्हणजे विरामचिन्हे मोजत ओळी आत सरकवण्याचा खेळ होतो. तरीही प्रश्न आल्याचे कोणाला चटकन कळत नाही. सूचना ईमेलने जातात, त्यासाठी सर्व्हरवर ईमेलची व्यवस्था लावावी लागते, आणि आमची मुले ईमेल फक्त कॅम्पसच्या मुलाखतींसाठी उघडतात.

या बाबतीत पियाझा ही वर्गातल्या प्रश्नोत्तरांची सेवा फार पुढे आहे. आयआयटी कानपूरच्या विद्यार्थिनी राहिलेल्या पूजा शंकर यांनी ती उभी केली. प्रश्नागणिक तिथे विद्यार्थ्यांचे मिळून एक उत्तर आणि शिक्षकांचे एक उत्तर असे दोन चौकोन असतात, आणि विद्यार्थ्यांचा चौकोन विकीसारखा सर्वांना सुधारता येतो. विकीतले चांगले तेवढे उचलून प्रश्न विचारण्याची सोय त्यावर बांधली, असे तिचे वर्णन करता येईल. शिवाय वर्गमित्रांपासून नाव लपवून प्रश्न विचारता येतो, ही आपल्याकडच्या मुलामुलींसाठी मोठी गोष्ट आहे. परंतु तिथली उत्तरे त्या सत्राच्या वर्गाशी बांधलेली राहतात, आणि प्रश्नांची एक लांबलचक यादी होते, एकमेकांना जोडलेली पाने होत नाहीत. पुढच्या वर्षीचा विद्यार्थी ती यादी वाचत बसणार नाही.

म्हणून मी जी व्यवस्था सुचवतो ती दोन टप्प्यांची आहे. प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवरच येऊ द्यावेत. प्रत्येक प्रॅक्टिकल बॅचमधल्या दोन विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने आठवड्यातले सामायिक उपयोगाचे प्रश्न निवडून विकीवर पाने करावीत आणि गटात फक्त पानाचा दुवा टाकावा. ज्या प्रश्नाचे पान आधीच आहे त्याला गटात उत्तर न देता दुवाच द्यायचा, हा नियम मात्र सर्वांनी, विशेषतः शिक्षकाने, कसोशीने पाळावा लागतो. गटात सरांनी स्वतःच टंकून उत्तर दिले की विकीकडे फिरकण्याचे कारण उरत नाही.

संकोचाचा मुद्दा वर आला होता. इतिहासात प्रत्येक बदलापुढे नाव असते आणि ते कायम राहते. दुसऱ्या वर्षात केलेली बाळबोध चूक चौथ्या वर्षातही आपल्या नावावर दिसणार, याची भीती काही मुलांना, आणि माझ्या पाहण्यात मुलींना अधिक, वाटते. खाती उघडताना परीक्षा क्रमांक किंवा खरे नाव न वापरता प्रत्येकाला टोपणनाव घेऊ द्यावे आणि कोणाचे टोपणनाव काय याची यादी शिक्षकाकडे असावी, हा त्यावरचा साधा उपाय. खाते स्वतः उघडण्याची मुभा सर्वांना देऊ नये. विकी बाहेरच्या जगाला उघडा असेल आणि कोणालाही खाते काढता येत असेल, तर औषधांच्या आणि जुगाराच्या जाहिराती टाकणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, थोड्याच दिवसांत तिथे मुक्काम ठोकतात.

बसवण्याच्या कामाला संगणक विभागातला एखादा उत्साही विद्यार्थी पुरतो. पीएचपी (प्रणाली ज्या भाषेत लिहिली आहे ती) आणि मारियाडीबी (डेटाबेस) चालणारा, प्रयोगशाळेतून बाद झालेला डेस्कटॉपही एका विषयाचा भार सहज उचलतो. २०२० च्या १.३५ या आवृत्तीपासून व्हिज्युअल एडिटर सोबतच मिळतो, त्यामुळे विकीची चिन्हभाषा न शिकता वर्डसारखे लिहिता येते. पूर्वी हा संपादक बसवणे हेच एक सेमिस्टरचे काम होते. तरीही बसवल्यानंतर दोन गोष्टी हमखास अडतात आणि त्या कोणी आधी सांगत नाही. पहिली म्हणजे फाइल चढवण्याची सोय मुळात बंद असते, ती सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ बदलून चालू करावी लागते. चालू केल्यावरही पीएचपीची मूळ मर्यादा दोन एमबीची असल्यामुळे फोनने काढलेला वहीचा फोटो नाकारला जातो, आणि स्कॅनिंग अ‍ॅपने बनवलेली पीडीएफ तर परवानगीच्या यादीतच नसते. मुलांना दिसतो तो फक्त एक इंग्रजी संदेश, आणि ‘विकीवर फोटो जात नाही’ असे वर्गभर ठरून जाते.

दुसरी अडचण सूत्रांची. गणिताचा विस्तार लावला की लाटेक या चिन्हभाषेत लिहिलेली समीकरणे अत्यंत देखणी दिसतात, पण त्याची प्रचलित मांडणी समीकरणे घडवण्यासाठी बाहेरच्या सेवेवर अवलंबून असते. महाविद्यालयाच्या अंतर्गत जाळ्यावरच्या, बाहेर न पोहोचणाऱ्या सर्व्हरवर त्यामुळे समीकरणाच्या जागी लाल अक्षरांतली तक्रार दिसते. मॅथजॅक्स या समीकरणे दाखवणाऱ्या प्रोग्रामची फाइल सर्व्हरवरच ठेवून चालणारे विस्तार वापरले की हा प्रश्न मिटतो. लाटेक शिकण्याची कटकट मात्र उरतेच. अपूर्णांक आणि वर्गमूळ येईपर्यंत मुले टिकतात, डिफ्लेक्शनच्या प्रकरणात मॅकॉलेच्या पद्धतीचे कंस आले की फोटोकडे वळतात. मी फोटो चालवून घेतो. पुढे ज्याला वेळ असेल तो ते उतरवून काढतो, आणि नाहीच काढले तरी उत्तर अडत नाही.

मराठीतून लिहिणाऱ्यांसाठी ही प्रणाली इतर सर्व पर्यायांपेक्षा उजवी आहे. तिचा बहुतेक मुखवटा (बटणे, सूचना) मराठीत उपलब्ध आहे, आणि युनिव्हर्सल लँग्वेज सिलेक्टर हा विस्तार लावला की रोमन अक्षरे टंकून देवनागरी उमटवण्याची सोय संपादनाच्या चौकटीतच मिळते. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने २०२१-२२ पासून मराठीसह प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्याला वाट करून दिली असली, तरी परीक्षा इंग्रजीतून देणारी मुलेही शंका मराठीतूनच बोलतात, आणि त्या तशाच लिहिता आल्या तर अधिक नेमक्या लिहिल्या जातात. आमच्या पानांची भाषा वर्गातलीच आहे, म्हणजे ‘बीमचा डावा भाग कापला की रिअ‍ॅक्शन क्लॉकवाइज मोमेंट देते’ अशी, आणि ती तशीच राहावी.

शोधाची पेटी मात्र मराठीला न्याय देत नाही. मूळ शोधयंत्र शब्दाची रूपे ओळखत नाही, त्यामुळे ‘बीम’ असे शोधणाऱ्याला फक्त ‘बीमचा’, ‘बीमवर’ असे शब्द असलेली पाने सापडतीलच असे नाही. विकिपीडिया वापरतो ते प्रगत शोधयंत्र बसवायचे तर इलास्टिकसर्चसारखा वेगळा डोलारा सांभाळावा लागतो, जो एका विभागाच्या आवाक्याबाहेरचा आहे. यावर पुनर्निर्देशनाचा उपाय चांगला चालतो. ‘बीएमडी’, ‘बेंडिंग मोमेंट आकृती’, ‘नमन आघूर्ण’ अशी मुलांच्या तोंडी असलेली किंवा परिभाषाकोशातली सर्व नावे एकाच पानाकडे वळवून ठेवायची. हे काम कंटाळवाणे आहे, पण एकदाच करावे लागते.

गुणांचा विषय आला की विकी बिघडतो. टर्मवर्कचे (सत्रभराच्या कामाचे) काही गुण विकीवरच्या कामाला जोडले आणि बदलांची संख्या मोजली, तर सबमिशनच्या आठवड्यात ‘अलीकडील बदल’ या पानावर स्वल्पविराम घालणाऱ्यांची आणि काढणाऱ्यांची रांग लागते. प्रत्येक सदस्याच्या योगदानाची यादी प्रणाली एका क्लिकवर देते. तिच्यातले विद्यार्थ्याने स्वतः निवडलेले दोन-तीन बदल ओरलच्या वेळी पडद्यावर उघडून ‘हे का बदललेस?’ असे विचारणे, एवढेच मूल्यमापन मला योग्य वाटते. ओरलमधला तो सर्वांत चांगला प्रश्न ठरतो.

आणखी एक मोठी उणीव आहे, आणि ती जाणूनबुजून ठेवलेली आहे. मीडियाविकीत एखादे पान ठरावीक लोकांपासून लपवण्याची भरवशाची सोय नाही. संपूर्ण विकी सदस्यांपुरता बंद ठेवता येतो, पण ‘हे उत्तर असाइनमेंटची मुदत संपल्यावरच दिसावे’ असे करता येत नाही, आणि त्यासाठी मिळणारे विस्तार लावले तरी शोधातून किंवा साच्यातून मजकूर झिरपू शकतो, असा इशारा खुद्द निर्मातेच देतात. परिणामी असाइनमेंटची उदाहरणे विकीवर आली की जर्नलमध्ये सर्वांचे एकच उत्तर येते. आकडे प्रत्येकाला वेगळे द्यावेत, किंवा ती उदाहरणे विकीवर घेऊ नयेत असा नियम असावा. बाजारातल्या गाइडची पाने फोटो काढून चढवण्यावरही बंदी हवी. ते कॉपीराइटचे उल्लंघन तर आहेच, शिवाय त्या पानांवरचा चिन्हसंकेत आपला नसतो.

हल्ली विद्यार्थी हीच शंका एआय चॅटबॉटला विचारतात, मग हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न सहकारी विचारतात. चॅटबॉटचे स्पष्टीकरण अनेकदा चांगले असते. पण ते कोणत्या चिन्हसंकेताने दिले आहे हे विद्यार्थ्याने विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारायचे असते हेच त्याला ठाऊक नसते. मुलांनी अशी उत्तरे विकीवर आणून आपल्या संकेतात बसवली तर माझी हरकत नाही. बसवताना बरेचसे शिक्षण होऊन जाते.

या सगळ्याचा सर्वाधिक फायदा ज्यांना होतो ते विद्यार्थी आरंभी माझ्या डोळ्यांसमोर नव्हते. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात येणाऱ्यांचे प्रवेश उशिरा होतात आणि ती मुले वर्गात येतात तेव्हा पहिले युनिट शिकवून झालेले असते. त्यांना नोट्स कोणीही देते, पण वर्गात कोणत्या जागी सगळे अडले होते हे नोट्समधून समजत नाही. पहिल्या युनिटची शंकापाने वाचून आलेला असा विद्यार्थी वर्गात लवकर बोलू लागतो. डिप्लोमात हा विषय मराठी-इंग्रजी मिश्र भाषेत शिकून आल्यामुळे त्यांच्या दुरुस्त्याही पुष्कळदा नेमक्या असतात.

निवड करायची तर अशी करावी. एकाच वर्षापुरता, एकाच वर्गासाठी प्रयोग करायचा असेल, तर मीडियाविकीच्या भानगडीत पडू नये; गूगल डॉक्स पुरते. महाविद्यालयात मूडल चालू असेल तर त्यातला विकी मोहात पाडतो, पण एक जण लिहीत असताना तो पान दुसऱ्यासाठी अडवून ठेवतो, आणि नव्या वर्षाचा नवा कोर्स काढला की जुनी पाने मागे राहतात. पाने लपवण्याची गरज खरोखरच असेल किंवा डेटाबेस सांभाळायला कोणी नसेल, तर डोकुविकी ही दुसरी विकी-प्रणाली घ्यावी. ती साध्या मजकूर-फाइलींवर चालते, विभागवार वाचनाचे हक्क तिच्यात मुळातूनच आहेत, आणि फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवला की स्थलांतर पूर्ण होते. पान अडवून ठेवण्याची खोड तिलाही आहे. अनेक वर्षे चालणारा, दोन-तीन शिक्षकांनी मिळून शिकवायचा विषय असेल, तर मीडियाविकीच घ्यावी, आणि १.४३ सारखी दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्तीच निवडावी. अशा आवृत्तीला तीन वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात, म्हणून तिची मुदत किती उरली आहे हे पाहूनच ती बसवावी. डेटाबेस, चित्रांचा फोल्डर आणि सेटिंगची फाइल या तिन्हींची प्रत दर महिन्याला वेगळ्या डिस्कवर घ्यावी, आणि प्रशासकाचा पासवर्ड विकी बसवणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातून तो पास होण्याआधी विभागाच्या ताब्यात घ्यावा.